बारा अंडी, ओवळ्याहून नेरुळला

फुलवंतीकाकीने अंडी मोजून दिली, बारा,
रंगाच्या जुन्या बादलीत, भाताच्या तुसात,
आणि म्हणाली, जपून ने रे, गावठी आहेत.
जशी काही बाजारातली असती तर आपटून चाललं असतं.

शालनताईचा पाय प्लास्टरमध्ये.
फोनवर म्हणाली होती,
एवढ्या उन्हाचा येऊ नकोस हं मध्या.
साठ वर्षं ओळखतो मी तिचं हे नको.
त्याच्या पोटात ताट वाढलेलं असतं.

घोडबंदर रोड मोकळा होता.
पुन्हा लिहितो, कारण कुणाला पटणार नाही:
घोडबंदर रोड मोकळा होता.
पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी,
आणि मेट्रोचे खांब नुसतेच उभे,
आज आमच्याशी भांडण नसल्यासारखे.

ठाण्याला बस बदलली. कंडक्टरकडे सुटे होते,
आणि ते त्याने दिलेही.
उजवीकडची खिडकी मिळाली, सावलीची.
म्हाडाची लॉटरी सात वेळा भरली, एकदाही लागली नाही.
सावलीची खिडकी अधूनमधून लागते.

कळव्याला शेजारी एक बाई येऊन बसली,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बसल्या बसल्या डोळे मिटलेले.
विटावा गेलं. दिघ्याच्या अलीकडे
तशाच मिटल्या डोळ्यांनी म्हणाली,
काका, उचला.
काय?
बादली. गतिरोधक येतोय.

मी उचलली. बस उडाली, आम्ही उडालो,
मागे कुणाचा तरी डबा खणाणला,
आणि माझ्या दोन हातांत बादली
दुसऱ्याच कुठल्या गुळगुळीत रस्त्यावरून चाललेली.

मग ऐरोलीला, उचला.
रबाळ्याला, उचला, हा मोठा आहे.
अकरा वर्षं जाते याच रस्त्यानं, एवढंच बोलली.
आत काय आहे ते विचारलं नाही.
मांडीवर बादली धरून बसलेल्या माणसाचा चेहरा
बहुतेक आतलं सगळं सांगतो.

घणसोलीला उतरताना म्हणाली,
तुर्भ्याला दोन आहेत. दुसरा दिसत नाही.
मी आभार मानेपर्यंत ती रस्ता ओलांडत होती.

तुर्भ्याचा पहिला मी बरोबर झेलला.
आणि स्वतःवर खूश होऊन बाहेर बघतो तर
स्कूटरवर मागे बसलेल्या माणसाच्या कवेत भलामोठा आरसा,
आरशात आमची बस, बसच्या खिडकीत
पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा, मांडीवर बादली.
कोण हा, म्हणेपर्यंत
दुसरा आला.

नेरुळ. चौथा मजला. लिफ्टवर नेहमीची पाटी.
ताई दारातच बसलेली, पाय स्टुलावर,
सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून,
आणि आत कुकरची तिसरी शिट्टी.

तुसातून एकेक काढून तिने मोजली.
अकरा धड. एकाला तडा,
पण आतल्या पापुद्र्याने कसंबसं धरून ठेवलेलं.
हे आत्ताच, ती म्हणाली, मी तवा ठेवला,
फोडलं, आणि दोघंही वाकून बघत राहिलो.
एका अंड्यात दोन बलक.

लहानपणी एकच अंडं असायचं.
आई उकडून, पदराचा दोरा ओढून कापायची,
आणि मोठा अर्धा कुणाला, यावरून आम्ही
आठवडा आठवडा बोलायचो नाही.
आता तव्यावर दोन, अगदी सारखे.
ताईने तरीही निरखून पाहिलं
आणि डावीकडचा मला दिला.
तो मोठा होता, असं मला वाटतं.
तिलाही वाटलं असणार.

संध्याकाळच्या बसला उभं राहावं लागलं.
पंखा बंद, सुटे नाहीत, तिकिटामागे चार रुपये बाकी लिहिलेले.
बादलीत नुसता तूस.
रबाळ्याच्या जरा अलीकडे
हात आपोआप वर गेले.